आई, साहेबांशी बोलायचं

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, याची मी छातीठोक हमी देते. कारण तिच्यातलं एक अक्षरही माझ्या आठवणीतून आलेलं नाही. तुम्ही सगळे आठवून आठवून सांगता, त्यात इकडचं तिकडे होतं, मीठमसाला पडतो. माझं तसं नाही. माझ्या गळ्यात फोन लटकलेला असतो, दिसेल-वाटेल ते मी त्यात पुटपुटते, तो दिवसभराचं सगळं बोलणं टिपून ठेवतो आणि मी ते ऐकून सांगते. ज्या बाईला स्मरणशक्तीच नाही, तिची स्मरणशक्ती तिला दगा कसा देणार?

बसस्थानकावर हरवलेल्या सामानाची खिडकी असते ना, तिथे मी नोकरीला होते. लोक यायचे, मी विचारायची, ‘वस्तू कोणती, रंग कोणता, शेवटची कुठे पाहिली?’ एके दिवशी वरच्या फळीवरची, कुणीतरी गाडीत विसरलेली लाकडी पेटी काढायला गेले आणि ती थेट माझ्या डोक्यावर आली. विसरभोळेपणाचा इतका जोरदार संसर्ग आजवर कुणाला झाला नसेल. पेटीत काय होतं, ते मला बरेचदा सांगितलंय म्हणे.

ऑपरेशन झालं, जीव वाचला, चालणंबोलणं परत आलं. जुनं सगळं जागच्या जागी आहे. लग्नाच्या दिवशी यांच्या बुटाची नाडी सुटली होती आणि हे फोटोत वाकलेले आलेत, ते मला लख्ख आठवतं. पण नवीन गोष्ट डोक्यात टिकते ती कपभर चहा गार होईपर्यंत. त्यानंतर पाटी कोरी.

पहिले काही महिने फार वाईट गेले. मी एकच प्रश्न दिवसभर विचारायची आणि घरातले तोंड फिरवून डोळे पुसायचे. मग आमच्या लेकीने कंबर कसली. ती औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे, एकदा हात घातला की तडीस नेते. तिने माझ्या फोनमध्ये माझा सगळा दिवस भरला. वेळ झाली की कानात खोचलेल्या इअरफोनच्या बोंडातून तिचाच आवाज येतो, ‘आई, गोळी घ्यायची.’ ‘आई, गॅस बंद केलास का बघ.’ कुणी समोर आलं की फोन त्याच्याकडे रोखायचा, तो सांगतो हा कोण. रस्ता चुकले तर वळणावळणाला बोट धरून नेतो. हळूहळू मी पुन्हा माणसात आले. फोन म्हणाला ऊठ की उठायचं, बस की बसायचं. आमच्या ह्यांचं मी इतक्या वर्षांत कधी इतकं ऐकलं नव्हतं.

आता यांच्याबद्दल. हे लिफ्टच्या कंपनीत आहेत. पूर्वी ऑफिसात नकाशे काढायचे. माझ्या डोक्यावर पेटी पडली त्याच सुमारास साहेबांनी यांना फिरतीवर टाकलं. गावोगावच्या लिफ्ट तपासायच्या, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. घरी मी अशी, लेक दिवसभर कामावर. तेव्हा माझ्या नणंदेने जाहीर केलं, ‘वहिनींना एकटं ठेवणं बरोबर नाही. मीच राहायला येते.’

वन्सं मनाने सोन्यासारख्या. पण त्यांना घर आवरायचा नाद आहे. मागे येऊन गेल्या तेव्हा चमच्यांची जागा बदलली, टॉवेलांची बदलली, आणि जाता जाता सोफा खिडकीकडून भिंतीकडे नेला. तुम्हाला नवीन जागा दोन दिवसांत पाठ होते. मी मात्र रोज जुन्या जागी सोफा आहे असं समजून बसत होते. बसत म्हणजे, जमिनीवर.

म्हणून मी ठासून सांगितलं, ‘मला एक दिवस एकटीला राहू द्या. सगळं नीट पार पडलं तर वन्संना त्रास द्यायचा नाही.’ सगळे कबूल झाले. दिवस ठरला. हे त्या दिवशी सकाळी फिरतीवरून परतणार होते, तिथून परस्पर कामावर. लेक निघताना म्हणाली, ‘आई, काळजी करू नकोस. तुझा फोन मी बाबांच्या फोनला जोडलाय. तू गोळी घेतलीस की त्यांना तिकडे दिसेल.’

जोडताना एक खूण करायची राहिली होती. माझं त्यांना दिसणार होतं, तशाच त्यांच्या फोनमधल्या सूचनाही मला ऐकू येणार होत्या. आणि त्याही ‘आई’ लावून, लेकीच्या आवाजात.

सकाळ झोकात गेली. गोळी घेतली, झाडांना पाणी घातलं, न्याहारी केली. मग कानात आवाज आला, ‘आई, केस कापायला जायचं. नेहमीसारखे, बारीक.’

मी केसांवरून हात फिरवला. चांगले खांद्यापर्यंत होते. पण लेक म्हणतेय म्हणजे असेल काही. कुलूप लावलं, फोनने रस्ता दाखवला, मी चालू पडले. बाजारपेठेतल्या एका काचेच्या दारापाशी फोन म्हणाला, ‘पोहोचलात.’ आत तीन खुर्च्या, तीन पुरुष, तिन्ही तोंडांना साबण. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

‘वहिनी, चुकून आलात का?’ सलूनवाल्याने विचारलं. ‘दादा नाही आले?’

‘दादांचं माहीत नाही. माझे केस कापायचेत. नेहमीसारखे, बारीक.’

‘नेहमीसारखे म्हणजे... दादांचे असतात तसे?’

‘त्यांना कसे दिसतात?’

‘झकास दिसतात. मीच कापतो ना.’

‘मग तसेच.’

बिचाऱ्याने मला दोनदा विचारलं, हे रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे. मग मशीन चालू झालं. खुर्ची मऊ होती, पंख्याचा वारा होता, बाजूचे दोघे कुणाच्या तरी भाडेकरूबद्दल तावातावाने बोलत होते. त्यात माझा चहा गार होण्याइतका वेळ गेला. मी सहज आरशात पाहिलं, तर अर्धं डोकं यांचं आणि अर्धं माझं.

‘अहो, हे काय केलंत?’

सलूनवाल्याच्या हातातला कंगवा पडला. ‘वहिनी, तुम्हीच तर म्हणालात.’

मी फोनमधलं रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकलं. ‘मग तसेच.’ आवाज माझाच. आता स्वतःशी काय भांडणार? म्हटलं, ‘उरलेलं पण उरका.’

कानाच्या वर आल्यावर त्याने मशीन बंद केलं. तिथून पार मागेपर्यंत ऑपरेशनची खूण आहे. ती झाकायला मी केस एका बाजूला आणून बसवायचे, उन्हात टोपी घालायचे. तो म्हणाला, ‘इथे कात्रीने करतो, हलक्या हाताने.’ आणि खरंच इतक्या हलक्या हाताने केलं की मला कळलंही नाही. उठले तेव्हा खूण चांगली ठळक दिसत होती. मला वाटलं होतं बघवणार नाही. बघवली. उलट जरा रुबाबदारच वाटलं, लढाईवरून आल्यासारखं.

दारातून बाहेर पडते तोच, ‘आई, लाँड्रीतून निळा कोट घ्यायचा. तोच घालून जायचं.’

लाँड्रीवाल्या बाईने माझ्या डोक्याकडे बघत कोट दिला. कोट जाड, खांदे रुंद, खिशावर लिफ्टचं चित्र विणलेलं. बाह्या बोटांच्या खाली जात होत्या, त्या मी दुमडल्या. पण घालून कुठे जायचं? ते फोनने सांगितलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. माझा एकटीचा दिवस नीट पार पडायला हवा होता, एवढं उमगत होतं, कारण फोनच्या पाठीवर मीच चिकटपट्टीवर लिहून ठेवलं होतं, ‘आज घाबरायचं नाही.’

तेवढ्यात, ‘आई, साहेबांशी बोलायचं. फिरती बंद करा म्हणायचं. स्पष्ट बोलायचं. मागच्यासारखं परत यायचं नाही.’

लेकीच्या बोलण्यात एवढी जरब मी कधी ऐकली नव्हती. फोनने बस दाखवली, मी चढले.

हे सगळं होत असताना हे कुठे होते? यांची बस वाटेत बंद पडली होती. प्रवासी खाली उतरून ढकलत होते आणि हे त्यांच्यात होते. यांच्याही फोनमध्ये तीच सूचना वाजली. यांनी नेहमीप्रमाणे ‘नंतर’चं बटण दाबलं. ही सूचना कित्येक महिने रोज वाजत होती आणि हे रोज ‘नंतर’ दाबत होते, हे आम्हाला मागाहून कळलं. आणि लेक? तिने कारखान्यात सहज नकाशा उघडला, तर तिची आई पुरुषांच्या सलूनमधून निघून लाँड्रीमार्गे शहराच्या दुसऱ्या टोकाला चाललेली. तिने मला फोन लावला. लागला नाही. रेकॉर्डिंग चालू असताना फोन वाजू नये, ही सोय तिनेच केली होती. मग तिने बाबांना लावला, आणि घाबरून वन्संनाही लावला.

लिफ्टच्या कंपनीची लिफ्ट बंद होती. ‘कृपया जिना वापरा’ अशी पाटी होती, आणि ती पाटीही जुनी दिसत होती. मी जिना चढून वर गेले. दारातल्या माणसाने कोट बघितला, डोकं बघितलं आणि उभा राहून सलाम केला. कुणी काही विचारलं नाही. केबिनचं दार ढकललं. समोर गोल चेहऱ्याचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले गृहस्थ. मी फोन त्यांच्याकडे रोखला. फोन म्हणाला, ‘ओळखीचा चेहरा नाही.’

‘साहेब तुम्हीच का?’

‘हो. आपण?’

‘फिरती बंद करा.’

साहेबांनी चष्मा लावला. ‘कुणाची फिरती?’

पंचाईत झाली. कुणाची, ते फोनने सांगितलं नव्हतं. ‘माझीच असणार,’ मी म्हणाले.

‘तुम्ही आमच्याकडे नोकरीला आहात?’

मी खिशावरचं चित्र पाहिलं. ‘दिसतंय तर तसंच.’

साहेब उठून जवळ आले आणि कोटाच्या आतली शिवलेली नावाची पट्टी वाचली. यांचं नाव. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘तुम्ही त्यांच्या मिसेस. ज्यांना ते लागलं होतं...’

आणि मग माझ्या लक्षात आलं. केस यांचे, कोट यांचा, आणि साहेबांशी बोलायचं होतं तेही यांना. मी फोनमधली ती सूचना उघडली. खाली तारखा होत्या. पहिली तारीख मी दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यातली.

‘ते कधी आले होते का तुमच्याकडे, याबद्दल बोलायला?’ मी विचारलं.

‘येतात की. अधूनमधून येतात. माझा गुडघा कसा आहे विचारतात आणि जातात. फिरतीबद्दल त्यांची कधी तक्रार नाही.’

मी डोळ्यांसमोर आणलं. हे दारात उभे, हातात टोपी, घसा साफ करतायत, आणि मग म्हणतायत, ‘गुडघा कसा आहे साहेब?’ मला हसू आलं. मी उठून घरी जाऊ शकले असते. पण गेले असते तर वाटेतच हे सगळं विसरले असते, आणि सूचना उद्या परत वाजली असती, परवा परत.

मी फोन तोंडाजवळ धरला आणि साहेबांच्या समोरच नवी सूचना बोलले, ‘फिरती बंद करून घेतल्याशिवाय उठायचं नाही. दर थोड्या वेळाने सांग.’ मग टेबलावरच्या चिठ्ठीवर ‘फिरती ह्यांची’ असं लिहून ती फोनला अडकवली आणि खुर्चीत नीट बसले.

साहेबांची एक पद्धत होती, ती ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. कुणी काही मागायला आलं की ते चहा मागवायचे आणि गुडघ्याची कहाणी सुरू करायचे. कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं, कोणतं तेल लावलं. समोरचा माणूस अर्ध्या तासात कशाला आलो ते विसरायचा आणि हात जोडून निघून जायचा. माझ्यावर त्यांनी तेच सुरू केलं. चहा आला, गुडघा आला, तेल आलं. आणि मी खरोखरच विसरले. साहेबांनी समाधानाने कप खाली ठेवला.

‘आई, फिरती बंद करून घेतल्याशिवाय उठायचं नाही.’

‘नमस्कार साहेब,’ मी हसून म्हणाले. ‘आमच्या ह्यांची फिरती बंद करा.’

‘आत्ताच सांगितलं ना, बदली माणूस नाही म्हणून?’

‘हो का? कधी?’

साहेबांनी पुन्हा सांगितलं. मी लक्ष देऊन ऐकलं. दुसरा चहा आला. चहा गार झाला.

‘नमस्कार साहेब. आमच्या ह्यांची फिरती बंद करा.’

रेकॉर्डिंगमध्ये साहेबांच्या आवाजातला फरक ऐकण्यासारखा आहे. आधी ते समजावतात, मग चिडतात, मग विनवतात. मी मात्र प्रत्येक वेळी तितकीच ताजी. राग नाही, रुसवा नाही, आधीच्या नकाराचा ओरखडा नाही. ‘बघू’ म्हणाले, की मी विचारायची, ‘कधी बघू?’ ‘पुढच्या महिन्यात’ म्हणाले, की ‘आत्ता कोणता चालू आहे?’ एकदा ते ‘मीटिंग आहे’ म्हणून निघून गेले आणि बऱ्याच वेळाने दार किलकिलं करून डोकावले. मी तिथेच. त्यांना पाहून उठून उभी राहिले, हात जोडले. ‘नमस्कार. आपली पहिलीच भेट. तुम्ही साहेब का?’

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये साहेब खुर्चीत धपकन बसल्याचा आवाज आहे. मग साहेब म्हणतात, ‘ठीक आहे. एक तारखेपासून फिरती बंद. त्यांना त्यांचं नकाशांचं टेबल परत. झालं समाधान?’

‘झालं,’ मी म्हणते. ‘तुम्ही फार सज्जन आहात. गुडघ्याला काय झालं?’

साहेबांनी सांगायला घेतलं. कहाणी रंगात आली तोच दार धाडकन उघडलं आणि हे आत आले. अंगभर धूळ, हाताला बसचं ग्रीस. मला पाहिलं, माझ्या अंगावरचा स्वतःचा कोट पाहिला, माझ्या डोक्यावरचे स्वतःचे केस पाहिले, आणि साहेबांपुढे हात जोडले.

‘साहेब, माफ करा. हिचं मनावर घेऊ नका, हिला बरं नसतं. फिरतीचं माझं काही म्हणणं नाही. मला फिरती... मला आवडते फिरती.’

साहेबांच्या चेहऱ्यावर पहाट झाली. ‘काय म्हणता? आवडते?’

इतक्या मेहनतीने आणलेली गाय दावं तोडून चालली होती. आणि मला तर गाय आणल्याचंही आठवत नव्हतं, कारण गुडघ्याची कहाणी पुन्हा तेलापर्यंत पोहोचली होती. पण फोनला थकवा येत नाही.

‘आई, फिरती बंद करून घेतल्याशिवाय उठायचं नाही.’

मी खुर्ची पुढे ओढली. ‘नमस्कार साहेब,’ मी हसून सुरुवात केली.

‘नको!’ साहेब ओरडले. ‘दिलं, दिलं म्हणालोय मी. तुमच्या फोनमध्येच आहे. लावा तो, लावा, ऐका.’ आणि त्यांनी स्वतः टेबलावरून वाकून मला मागे नेण्याचं बटण दाखवलं.

मी लावलं. साहेबांचा आवाज केबिनभर घुमला, ‘एक तारखेपासून फिरती बंद. त्यांना त्यांचं नकाशांचं टेबल परत.’ दार उघडंच होतं. बाहेर अख्खं ऑफिस जमलं होतं, त्या सगळ्यांनी ऐकलं.

हे माझ्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, ‘अगं, तू किती वेळ बसलीयेस इथे?’

‘मला काय माहीत?’ मी म्हणाले.

यांनी घसा साफ केला. रेकॉर्डिंग ऐकताना दर वेळी वाटतं, आता गुडघा. पण नाही. हे म्हणाले, ‘साहेब, मला फिरती नकोय. मला रोज संध्याकाळी घरी जायचंय.’ आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं. साहेबांनी मान डोलावली, कागद ओढला आणि तिथल्या तिथे आदेश लिहून सही केली. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. दारातला माणूस आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि त्याने मला पुन्हा सलाम केला, या वेळी विचार करून.

घरी लेक धावत आली. वन्संही बॅग घेऊन पोहोचल्या होत्या. लेक रडत म्हणाली, ‘आई, माझी चूक झाली, मी जोडणी दोन्ही बाजूंनी केली.’ मी म्हटलं, ‘राहू दे तशीच, कामाची आहे.’ वन्संनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्याभोवती एक फेरी मारली, ती खूण बोटाने हळूच चाचपली. मग म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्ही एकट्या शहर पालथं घालून आलात. मी काय राहून करू?’ चहा घेतला, साखरेचा डबा तेवढा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवला आणि बॅगेसकट परत गेल्या.

तेव्हापासून मी दिवसा एकटी असते, आणि छान असते. बाजारात जाते, सलूनवाल्याकडून दर महिन्याला केस बारीक करून घेते. खूण झाकत नाही.

आणि हे रोज संध्याकाळी घरी येतात. चहा झाला की मी विचारते, ‘अहो, तुमची फिरती कशी काय बंद झाली?’ मग हे खुर्ची ओढून बसतात आणि तो दिवस सांगतात, साहेबांची नक्कल करून. लेक म्हणते, गोष्ट रोज थोडी बदलते. सुरुवातीला मी साहेबांना नमवलं होतं. मग आम्ही दोघांनी नमवलं. कालच्या रेकॉर्डिंगमध्ये तर यांनी एकट्यानेच टेबलावर मूठ आपटून फिरती बंद करवून घेतली, आणि मी कोट सांभाळत बाहेर बाकावर बसले होते.

लेक दात-ओठ खाते. मी तिला गप्प करते. कारण खरं सांगू? हे सांगत असतात ना, तेवढा वेळ मला यांचा फार अभिमान वाटतो.